घराची किंमत : लपविण्याची बाब की देण्याची साक्ष?



सूरह अल्-बकराची 282 वी आयत ही पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत होय. ती नमाजविषयी नाही, रोजाविषयी नाही, हजविषयीही नाही. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे. ज्याच्याकडे देणे आहे त्याने मजकूर सांगावा आणि सांगताना अल्लाहचे भय बाळगून त्यात काही कमी करू नये. साक्षीदारांना बोलावले असता त्यांनी पाठ फिरवू नये. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये. खरेदी-विक्री करताना साक्षीदार ठेवावेत, अशी तिची शिकवण आहे. असे लिखाण अल्लाहजवळ अधिक न्याय्य ठरते, साक्ष भक्कम करते आणि मनातील संशय दूर करते, हे कारणही तीच आयत देते.

सामान्य कुटुंबाच्या आयुष्यात घराच्या खरेदीहून मोठा व्यवहार क्वचितच येतो. तीस वर्षांची बचत, आईचे दागिने, परदेशात राबणाऱ्या मुलाची कमाई असे सारे त्या एका कागदावर येऊन ठेपते. तरीही याच व्यवहारात खरी किंमत सांगण्याचा संकोच सर्वाधिक असतो. शेजारचे घर कितीला गेले असे विचारले की उत्तर कुजबुजत मिळते आणि बहुधा त्यात दोन आकडे असतात : कागदावरचा एक आणि प्रत्यक्षातला दुसरा. म्हणून घराची विक्री-किंमत सर्वांना कळावी काय, या प्रश्नाचा विचार कुरआन व सुन्नतच्या प्रकाशात करण्याचे या लेखात योजिले आहे.

दर ठरविला नाही, बाजार मात्र उघडा ठेवला

मदीनेत एकदा भाव चढले. लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना दर ठरवून देण्याची विनंती केली. प्रेषितांनी (स.) ती मान्य केली नाही. दरांची चढ-उतार अल्लाहच्या हाती आहे आणि कोणाच्या रक्ताविषयी वा मालाविषयी अन्याय केल्याचा दावा आपल्यावर नसावा अशा स्थितीत अल्लाहला भेटण्याची आपली इच्छा आहे, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हज़रत अनस (रजि.) यांची ही रिवायत अबू दाऊद व तिर्मिजी यांनी नोंदविली आहे.

मग दुर्बळ ग्राहकाचे रक्षण कशाने होणार? त्यासाठी प्रेषितांनी (स.) दुसरा मार्ग घेतला. त्यांनी बाजारातील माहितीवरचे पडदे दूर केले. पुढील तीन मनाया एकत्र ठेवून पाहा.

पहिली, तलक्की. माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला शहराबाहेरच गाठून, बाजारभाव कळण्यापूर्वीच त्याच्याकडून खरेदी करण्यास मनाई झाली. सहीह मुस्लिममधील रिवायतीनुसार असा सौदा झालाच, तर माल-मालकाला बाजारात पोहोचल्यावर तो रद्द करण्याचा अधिकार राहतो. सौदा दोघांच्या संमतीने झालेला होता. परंतु एकाला भाव ठाऊक होता आणि दुसऱ्याला नव्हता. केवळ या विषमतेमुळे शरीअतने त्याला फेरविचाराचा हक्क दिला.

दुसरी, नजश. स्वतःला विकत घ्यायचे नसताना, दुसऱ्याला भुलविण्यासाठी चढती बोली लावणे निषिद्ध आहे. हज़रत इब्ने उमर (रजि.) यांची ही रिवायत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

तिसरी, खोटी मागणी सांगणे. या वस्तूला मला अमुक इतके देऊ केले होते अशी खोटी शपथ घेऊन माल विकणाऱ्याची गणना बुखारीतील एका हदीसमध्ये अशा तिघांत केली आहे, ज्यांच्याशी कियामतच्या दिवशी अल्लाह बोलणार नाही. एका माणसाने बाजारात माल मांडून अशीच शपथ घेतली, तेव्हा सूरह आलि-इमरानची 77 वी आयत अवतरली, असे हज़रत अब्दुल्लाह बिन अबी औफा (रजि.) सांगतात.

आता आजच्या घरखरेदीकडे वळा. कालच एक पार्टी एवढे देऊन घ्यायला तयार होती, उद्या सकाळी ते टोकन घेऊन येणार आहेत, हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे? ते खरे असेल तर सांगण्यास हरकत नाही. खोटे असेल तर ते धंद्याचे चातुर्य म्हणून माफ होणारे नाही; त्याविषयीचा इशारा वर आला आहे.

आपल्या राज्यातील नोंद

विक्रीची किंमत ही आपल्याकडे कायद्याने गुप्त बाब नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 1908 च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे घर वा जमिनीच्या विक्रीचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. स्थावर मालमत्तेच्या दस्तांचे जे पुस्तक असते, ते व त्याच्या सूची ठरलेली फी भरून कोणीही पाहू शकतो आणि त्यांच्या नकला मागू शकतो, अशी तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम 57 मध्ये आहे. आपण ज्याला बोलताना इंडेक्स टू म्हणतो, ती सूची क्रमांक 2 म्हणजे याच व्यवस्थेतील कागद होय. महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक देऊन तिचा शोध घेता येतो.

हा कागद वाचताना दोन आकड्यांत गल्लत करू नये. ‘मोबदला’ म्हणजे उभय पक्षांनी जाहीर केलेली प्रत्यक्ष किंमत. ‘बाजारभाव’ म्हणजे शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून, काढलेले मूल्य. या दोहोंपैकी जे अधिक असेल त्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. रेडी रेकनर हा शुल्काचा आधार आहे. घर खरोखर कितीला विकले गेले, हे त्यावरून कळत नाही.

तुलनेतही न्याय हवा. एकाच नोंदीवर विसंबू नका. त्याच इमारतीतील वा गल्लीतील अलीकडच्या काही नोंदी पाहा. क्षेत्रफळ चटई आहे की बांधीव, मजला कोणता, इमारत किती जुनी, पार्किंग आहे काय, दस्त विक्रीचा आहे की नात्यातील बक्षिसाचा, हे तपासल्याशिवाय दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवू नयेत. नव्या प्रकल्पांसाठी 2017 पासून महारेराची नोंदणी लागू झाली आणि विक्री चटई क्षेत्रावर होऊ लागली. त्यामुळे तुलना काहीशी सोपी झाली आहे.

इतर देशांत याबाबत दोन टोकांच्या पद्धती दिसतात. इंग्लंड व वेल्समध्ये जमीन-नोंदणी विभाग घरांच्या विक्री-किमती सर्वांसाठी प्रसिद्ध करतो. 1995 पासूनच्या किमती तेथे पाहता येतात. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली आपली कोकणी मुस्लिम कुटुंबे घर घेताना त्या यादीचा सर्रास उपयोग करू शकतात. याउलट अमेरिकेतील टेक्सास राज्यात विक्रीची किंमत सरकारला वा जनतेला कळविण्याची सक्ती नाही. एजंटांच्या आपसांतील नोंदसंचात ती असते. सामान्य ग्राहकाला मात्र बहुतांशी त्यांच्याकडूनच ती मिळवावी लागते. काफिल्याला शहराबाहेर गाठणारा व्यापारी आणि शहराचा भाव ठाऊक नसलेला काफिलावाला, हे चित्र येथे पुन्हा आठवते.

किंमत कळल्याने कोणाचे हक्क वाचतात?

किंमत जाहीर असण्याचा लाभ केवळ खरेदीदाराला होतो असे नाही. शरीअतने सांगितलेले काही हक्क खऱ्या किमतीवाचून बजावताच येत नाहीत.

शुफआ हा त्यांतील पहिला. सामाईक मिळकतीतील एका भागीदाराने आपला हिस्सा परक्याला विकला, तर दुसऱ्या भागीदाराला त्याच किमतीत तो घेण्याचा अग्रहक्क असतो. हनफी फिकह हा हक्क लगतच्या शेजाऱ्यालाही देते. हज़रत अबू राफे (रजि.) यांच्या दोन खोल्या हज़रत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या वाड्यात होत्या. सअद (रजि.) यांनी चार हजार दिरहमपेक्षा अधिक देण्यास नकार दिला, आणि तेही हप्त्याहप्त्याने. अबू राफे (रजि.) यांनी आपल्याला दुसरीकडून पाचशे दीनार देऊ केले होते हे स्पष्ट सांगितले, परंतु शेजाऱ्याचा हक्क निकटतेमुळे अधिक असतो असे आपण प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे म्हणून त्यांनाच त्या खोल्या देऊन टाकल्या. बुखारीतील या प्रसंगात दुसऱ्याची मागणीही सांगितली गेली, पण ती खरी होती. आणि ती सांगून झाल्यावर विक्रेत्याने स्वतःचा लाभ सोडला. हनफी फकीहांनी पुढे असेही सांगितले आहे की, किंमत फुगवून सांगितल्यामुळे एखाद्याने शुफआचा हक्क सोडला आणि नंतर खरी किंमत कमी होती असे कळले, तर त्याचा हक्क कायम राहतो.

दुसरा हक्क अनाथांचा व वक्फचा. उस्मानी काळात संकलित झालेल्या ‘मजल्ला’ या हनफी विधिसंहितेत स्थावर मिळकतीच्या किमतीतील एक-पंचमांश वा त्याहून अधिक तफावत ही ‘गब्ने फाहिश’, म्हणजे घोर तोटा, मानली आहे. फसवणूक न होता असा तोटा झाला तर सामान्य माणसाचा सौदा रद्द होत नाही. परंतु मिळकत अनाथाची, वक्फची किंवा सार्वजनिक कोषाची असेल, तर फसवणूक सिद्ध न होताही असा सौदा वैध ठरत नाही. ही तफावत मोजायची तर तुलनेसाठी इतर व्यवहारांच्या खऱ्या किमती हाताशी हव्यात. आपल्या मशिदीच्या वा मदरशाच्या मालकीची जागा देता-घेताना मुतवल्ली व विश्वस्तांनी आसपासच्या नोंदी पाहून त्या इतिवृत्तात जोडाव्यात, हा याचा साधा व्यावहारिक अर्थ आहे.

तिसरा हक्क आपल्या घरातलाच आहे, आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. तो बहिणीचा. सूरह अन्-निसाच्या 7 व्या आयतीने आई-वडिलांच्या मालमत्तेत, ती थोडी असो वा अधिक, पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा निश्चित केला. समजा, आई-वडील हयात नाहीत आणि मागे दोन मुलगे व एक मुलगी आहे. मुलीचा हिस्सा एक-पंचमांश. भावांनी सांगितले की घर वीस लाखांचे आहे. म्हणून चार लाख घे आणि हक्कसोडपत्रावर सही कर. त्याच गल्लीतील तशाच घरांच्या नोंदी साठ लाखांच्या असतील, तर तिचा हिस्सा बारा लाखांचा होतो. तिने हसतमुखाने केलेली सही खरी. पण तिला किंमत ठाऊकच नव्हती. वारसाने काही रक्कम घेऊन वाट्यातून बाहेर पडणे फिकहमध्ये मान्य आहे. त्याला तखारुज म्हणतात. परंतु अंधारात ठेवून घेतलेल्या संमतीला काफिलेवाल्याच्या संमतीहून अधिक वजन कसे द्यावे? वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे जोखड पडेल, हा बुखारी व मुस्लिममधील इशारा भावांनाही लागू आहे.

म्हणून वाचक भावांनो, वाटणीला बसण्यापूर्वी बहिणीच्या हाती आसपासच्या चार-पाच विक्रींचे इंडेक्स टू स्वतः द्या. त्यानंतर ती काही सोडून देईल तर तो तिचा एहसान ठरेल. आणि वाचक भगिनींनो, हा कागद पाहण्यास मागणे म्हणजे माहेर तोडणे नव्हे.

खोटा आकडा कोणाकोणाला लुबाडतो?

येथवर आपण नोंद खरी आहे असे गृहीत धरले. पण ती खरी ठेवतो कोण? ज्याने सही केली तो.

काही रक्कम रोखीने, काही धनादेशाने, आणि दस्तात फक्त धनादेशाची. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही गैर आहे असे सांगणाराच भोळा ठरतो. यात तिसऱ्या कोणाचे काय गेले, असे विचारले जाते. फार तर सरकारचे शुल्क बुडाले, असे समाधानही केले जाते.

वर सांगितलेल्या बहिणीकडे परत या. समजा, शेजारचे घर साठ लाखांना गेले; पण दस्तात चाळीस लाख लिहिले. काही महिन्यांनी या मुलीने सूची क्रमांक 2 काढली. तिने कायद्याने दिलेला मार्ग घेतला, भावांनीही प्रामाणिकपणे तोच कागद प्रमाण मानला. चाळीस लाखांच्या हिशेबाने तिला आठ लाख मिळाले, बाराऐवजी. तिचे चार लाख बुडविणारे लोक तिला कधी भेटलेही नाहीत. त्यांना तिचे नावही ठाऊक नाही. आखिरतच्या हिशेबात मात्र ही ओळख पटेल.

सार्वजनिक नोंदीतील खोट्या आकड्याचा उपद्रव असा पसरतो. तो पुढच्या विक्रेत्याची दिशाभूल करतो, शुफीचा हक्क बिघडवितो, वक्फचे मूल्यमापन चुकवितो. एवढेच नव्हे, खुद्द लिहून घेणाऱ्यालाही तो अडचणीत आणतो. उद्या सौदा फिसकटून पैसे परत मागण्याची वेळ आली, तर रोखीने दिलेल्या रकमेचा पुरावा त्याच्या हाती नसतो. देशाच्या कायद्यानेही 1 जून 2015 पासून स्थावर व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रकमेची उचल रोखीने घेण्यास मनाई केली आहे.

आणि दीनच्या दृष्टीने? ज्याने मजकूर सांगावा त्याने त्यात काही कमी करू नये, असे त्या दीर्घ आयतीनेच सांगितले होते. दुय्यम निबंधकापुढे अंगठा उमटविताना आपण मजकूर सांगणारे असतो, ओळख पटविणारे स्नेही साक्षीदार असतात आणि दस्त तयार करणारा लेखक असतो. आयतीत वर्णिलेली सर्व मंडळी त्या खोलीत हजर असतात. साक्ष लपवू नका, जो लपवितो त्याचे हृदय गुन्हेगार असते, असा त्यापुढील 283 व्या आयतीचा आशय आहे.

गोपनीयतेचा प्रश्न

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. सूरह अल्-हुजुरातच्या 12 व्या आयतीने तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टी धुंडाळणे, निषिद्ध केले आहे. मग लोकांच्या घरांच्या किमती शोधणे त्यात मोडत नाही काय?

उत्तर हेतूवर आणि मर्यादेवर अवलंबून आहे. मिळकतीची किंमत कळणे वेगळे आणि माणसाची झडती घेणे वेगळे. 1908 च्या अधिनियमानेही हा भेद राखला आहे. स्थावर मिळकतीची सूची सर्वांना खुली आहे. परंतु मृत्युपत्रांचे पुस्तक तसे खुले नाही. आपणही तोच विवेक बाळगावा. घर घ्यायचे आहे, विकायचे आहे, वाटणी करायची आहे, विक्रीसाठी घेतलेल्या सदनिकांची जकात चालू बाजारभावाने काढायची आहे, तर नोंद पाहणे रास्त आहे. प्रसंगी कर्तव्यही आहे. परंतु साडूने एवढा पैसा आणला कोठून, शेजाऱ्याने किती कर्ज काढले, हे चघळण्यासाठी नोंद उघडणे हा तजस्सुस आहे आणि ते चार लोकांत सांगणे ही गीबत. शोध घराचा घ्यावा, माणसाचा नव्हे.

दुसरा प्रश्न विक्रेत्याचा असतो. मी हे घर कितीला घेतले होते, हे सांगण्यास मी बांधील आहे काय? साध्या घासाघिशीच्या विक्रीत बांधील नाही. मुराबहामध्ये, म्हणजे मूळ किमतीवर ठराविक नफा सांगून केलेल्या विक्रीत, मूळ किंमत खरी सांगणे अनिवार्य आहे. मौन बाळगण्याची मुभा पहिल्या प्रकारात आहे. खोटे बोलण्याची कोणत्याच प्रकारात नाही.

मध्यस्थांसाठी दोन शब्द

आपल्या समाजातील अनेक तरुण इस्टेट एजंट म्हणून हलाल रोजी मिळवितात. त्यांनी हज़रत उरवा अल्-बारिकी (रजि.) यांना आदर्श मानावे. प्रेषितांनी (स.) त्यांना एक बकरी आणण्यासाठी एक दीनार दिला. त्यांनी त्यात दोन बकऱ्या घेतल्या, एक एका दीनारला विकली आणि बकरी व दीनार दोन्ही आणून दिले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या व्यवहारात बरकतीची दुआ केली. वरचा दीनार खिशात घालणे सहज शक्य होते. हज़रत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी तर प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची बैअत केली होती, म्हणून घोड्याचा विक्रेता तीनशे मागत असता त्यांनीच घोडा अधिक मोलाचा असल्याचे सांगत किंमत आठशेपर्यंत नेली, असे तबरानी यांनी नोंदविले आहे. असे मध्यस्थ आज गिऱ्हाइकासमोर नोंदी उघडून ठेवतील आणि आपली दलाली आधी सांगून मागतील.

घरात चर्चेसाठी

या महिन्यात कुटुंबासह बसून पुढील प्रश्नांचा विचार करावा.

1. आपल्या घराच्या दस्तात लिहिलेला मोबदला आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम एकच आहे काय? नसेल तर तौबा व दुरुस्तीचा मार्ग कोणता, हे जाणकार आलिम व वकील या दोघांना विचारले आहे काय?

2. वडिलोपार्जित घराच्या वाटणीत बहिणी, फुफी यांना कोणती किंमत सांगितली गेली होती? तफावत असेल तर ती भरून देण्याची ताकद आज आपल्यात आहे काय?

3. सौदा करताना समोरच्याला ठाऊक नसलेली, पण आपल्याला ठाऊक असलेली अशी कोणती गोष्ट आपण दडवितो?

विकणारा व घेणारा दोघे खरे बोलले आणि त्यांनी उघडपणे सांगितले तर त्यांच्या सौद्यात बरकत होते, आणि लपविले व खोटे बोलले तर ती पुसली जाते, असे हज़रत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या रिवायतीवरून कळते. ज्या भिंतींत आपण नमाज पढणार, मुले वाढविणार आणि एक दिवस अखेरचा श्वास घेणार, त्या भिंतींच्या पायातच असत्य असेल तर बरकत कोठून यावी?

अल्लाह तआला आपली घरे सत्यावर उभी करो, आपल्या लेखण्यांना न्याय व आपल्या जिभांना सचोटी देवो आणि हक्कदारांचे हक्क याच जीवनात परत करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.